गाणं कोण लावणार?

दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये एक ॲम्प्लिफायर असतो, त्याच्या दोन बाजूंना लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर असतात आणि त्या स्पीकरांवर क्रोशाचा रुमाल अंथरून फुलदाणी ठेवलेली असते. टेपडेकचा पट्टा केव्हाच वितळून चिकट झालेला असतो. सीडी प्लेयरचं तबक बाहेर येताना कुरकुरतं आणि एकदा आलं की आत जायला तयार नसतं. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र ठणठणीत असतात, कारण त्यांच्यात झिजण्यासारखं फारसं काही नाही आणि त्यांच्यासाठी आजवर कुणी अपडेट काढलेली नाही. गाणी आता फोनमध्ये, किंवा फोनमधून दिसणाऱ्या कुठल्याशा दूरच्या कॉम्प्युटरवर असतात. तेव्हा करायचं एवढंच, की ही गाणी त्या ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवणारी एक डबी मध्ये आणून बसवायची. काम अर्ध्या तासाचं. प्रत्यक्षात ते गणपतीत निघतं आणि होळीपर्यंत चालतं. घरातला कर्ता पुरुष (ह्या खात्यात अजून तरी बहुतेक पुरुषच आढळतात) रात्री जागून डॅक, स्ट्रीमर, जिटर, बिटरेट असलं वाचन करत बसतो. फ्लॅट घेताना करारनामा त्यानं वकिलाकडून वाचून घेतलेला असतो. चिपचं माहितीपत्रक मात्र तो स्वतः वाचतो, आणि तेही दोनदा. माझं म्हणणं असं, की ही सगळी मेहनत चुकीच्या प्रश्नावर खर्च होते आहे. कुठल्या डबीचा आवाज चांगला, हा प्रश्न सुटून बरीच वर्षं झाली. न सुटलेला प्रश्न वेगळाच आहे आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो: डबी आणणारा माणूस घरी नसताना गाणं कोण लावणार?

आवाजाचा प्रश्न सुटला म्हणजे काय, ते आधी पाहू, नाहीतर वाचक इथूनच उठून जायचा. सीडीचं माप सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलं आणि 1982 मध्ये पहिले प्लेयर जपानात विक्रीला आले. माप असं: सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा. नमुन्यांचा वेग कमाल कंप्रतेच्या दुपटीहून जास्त ठेवला, की त्या कंप्रतेपर्यंतची लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते, हे गणित सीडीच्या कितीतरी आधी मांडलेलं होतं. 44,100 चे निम्मे 22,050. माणसाच्या कानाची धाव 20,000 हर्ट्झपर्यंत, आणि तीसुद्धा कोवळ्या वयात. पन्नाशी-साठीत बहुतेकांचं वरचं ऐकणं बारा-चौदा हजारांच्या आसपास संपतं. म्हणजे महागड्या डबीचे पैसे ज्या वयात साठतात, त्या वयात ती डबी जे जास्तीचं देते ते ऐकणारा कान निवृत्त झालेला असतो. राहिले 16 बिट. त्यांच्यामुळे सर्वांत मोठ्या आवाजात आणि तळाच्या खरखरीत साधारण 96 डेसिबलचं अंतर मिळतं. हे अंतर जरा दिवाणखान्यात आणून बघा. पंखा तीनवर असताना खोलीत चाळीस-पन्नास डेसिबलचा आवाज भरलेला असतो. कुकर आणि खालून जाणारा भंगारवाला वेगळे. गाणं अगदी 90 डेसिबलला लावलं, म्हणजे शेजारचे बेल वाजवून जातील इतकं मोठं, तरी सीडीच्या मापातली खरखर ऐकण्याच्या उंबरठ्याखालीच राहते, आणि पंखा तिच्या वर चाळीस-पन्नास डेसिबलच्या उंचीवरून फिरत असतो. सोळाऐवजी चोवीस बिट हवे असणाऱ्यानं आधी पंखा बंद करायला हवा. मे महिन्यात पंखा बंद करून मल्हार ऐकणारा रसिक अजून जन्माला यायचाय.

बरं, हे माप नीट पाळायला फार पैसे लागतात म्हणावं, तर तेही नाही. फोनला हेडफोन जोडायची ॲपलची जी बोटभर वायर हजार रुपयांच्या आसपास मिळते, तिच्या शेपटातच एक डॅक (आकड्यांतून आवाजाची लहर उभी करणारी चिप) बसवलेला आहे, आणि त्याची खरखर व विकृती मिळून मूळ आवाजाच्या लाखात एखाद्या भागाइतकी भरते. त्याच घरातला स्पीकर खर्जात शंभरात एक भाग सहज बिघडवतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तरीसुद्धा लोक स्पीकर जागचा हलवत नाहीत. लाखातल्या त्या एका भागाच्या मागे लागतात. स्पीकर हलवायला घरच्यांची परवानगी लागते आणि डबी पार्सलनं येते, ह्याखेरीज दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘तुम्हाला ऐकू येत नसेल, मला येतं.’ हे उत्तर खोटेपणाचं नसतं, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन या दोघांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या डिस्कमधून निघालेला आवाज एकदा तसाच ऐकवायचा, एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवायचा, आणि कोणता कोणता ते ऐकणाऱ्यानं न बघता ओळखायचं. 554 वेळा विचारलं, 276 वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं, आणि नाण्यानं चहा मागितला नसता. ह्या प्रयोगावर टीका झाली, ती काही अंशी रास्तही होती. त्यातल्या काही डिस्कांचं मूळ मुद्रणच तेवढ्या उंचीचं नव्हतं. पुढे 2016 मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांचा ताळा एकत्र मांडला, साडेबारा हजारांच्या वर चाचण्यांचा. निकाल: शंभरात 52.3 वेळा बरोबर. कान तयार करून बसवलेल्या लोकांचा आकडा साठीच्या घरात गेला. तेव्हा फरक अजिबात नाही असं म्हणणारा मीही चूक ठरेन. फरक आहे, आणि तो शांत खोलीत, लक्ष एकवटून, शिकवणी घेऊन ऐकणाऱ्याला शंभरात दहा वेळा जास्त सापडतो. एवढ्याशा फरकासाठी घरातल्या चौघांना सहा महिने वेठीस धरावं का, हा प्रश्न ध्वनिशास्त्राचा नाही. स्पॉटिफायनं सीडीच्या दर्जाची सेवा देऊ असं फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर केलं आणि ती सुरू व्हायला सप्टेंबर 2025 उजाडला. मधल्या साडेचार वर्षांत लोकांनी गाणी ऐकणं थांबवलं नाही. बहुतेकांना आपण कशाची वाट पाहतोय हेही ठाऊक नव्हतं.

मग ‘डॅक लावला आणि आवाज उघडला’ असं जो सांगतो, त्याला काय ऐकू आलेलं असतं? बहुतेक वेळा व्होल्ट. सीडी प्लेयर आणि टेबलावर ठेवायचे बहुतेक डॅक पूर्ण आवाजाला दोन व्होल्टच्या आसपास सोडतात. फोनचा जॅक एक किंवा त्याहूनही कमी. दुपटीचा फरक म्हणजे 6 डेसिबल. ॲम्प्लिफायरची कळ त्याच जागी ठेवून फोन काढला आणि डॅक लावला, तर गाणं सरळसरळ मोठं होतं. सहा डेसिबल ओळखता तरी येतात. खरी गंमत अर्ध्या-एका डेसिबलची आहे. तेवढा फरक कानाला मोठेपणा म्हणून कळतच नाही, तो गोडवा म्हणून कळतो. तबल्याला वजन आल्यासारखं वाटतं, गळा पुढे आल्यासारखा वाटतो, आणि माणूस प्रामाणिकपणे चाळीस हजारांचं बिल फाडतो. कळ दोन रेघा पुढे फिरवली असती तर हेच सगळं फुकटात झालं असतं. कान फसतो ह्यात कानाची बदनामीही नाही. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी ह्या कंपनीच्या तबकड्या डिजिटलचा विटाळ नको म्हणणारे लोक शंभरावर डॉलर मोजून घेत आणि त्यातली ‘ॲनॅलॉग ऊब’ वाखाणत. 2022 मध्ये उघड झालं, की 2011 पासून त्यातल्या कित्येक तबकड्यांच्या वाटेत एक डिजिटल टप्पा होता. हे कुठल्या कानानं पकडलं नाही. एका दुकानदारानं कंपनीत जाऊन इंजिनिअरांना विचारलं, तेव्हा कळलं.

आपल्याकडे ह्याच्या पुढचा आक्षेप असतो, आणि तो मानेला हलकासा झटका देऊन घेतला जातो. ‘पाश्चात्त्यांचं सोडा हो. आपल्या तंबोऱ्याची जवारी, किराणा घराण्याच्या श्रुती, हे 16 बिटांत कसं मावणार?’ मावतं. श्रुती म्हणजे कंप्रतेतला सूक्ष्म फरक, आणि कंप्रतेच्या बाबतीत दोनशे रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळसुद्धा कुठल्याही गवयापेक्षा पक्कं असतं. जवारीतून निघणारे स्वरांश कितीही वर चढले तरी आपल्याला ऐकायचे आहेत ते वीस हजारांच्या आतलेच; त्यापलीकडची मैफल वटवाघळांची. शिवाय ज्यांच्या नावानं हा आक्षेप घेतला जातो त्यांची मुद्रणं कशी झाली ते पाहावं. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः 78 फेऱ्यांच्या तबकड्यांमधून, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं अशा मापानं. 1925 च्या सुमाराला मुद्रणात मायक्रोफोन येईपर्यंत तर गायकाला भोंग्यासमोर तोंड धरून गावं लागे, आणि त्या पद्धतीत काही हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटतच नसे. त्यातूनही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, हे गायकाचं कर्तृत्व. अशा तबकडीची 192 किलोहर्ट्झची (म्हणजे सेकंदाला 1,92,000 नमुन्यांची) फाइल उतरवून घेतली तर तिच्यात भर पडते ती पिनेच्या ओरखड्याच्या तपशिलाची. गाणं होतं तेवढंच राहतं.

तेव्हा आवाजाची फाइल बंद करू. फक्त एक नोंद: काही डब्या जोडल्यावर ॲम्प्लिफायरमधून घुंऽऽ असा आवाज यायला लागतो, तो अर्थिंगचा घोळ असतो, तो कुणालाही ऐकू येतो आणि तो घालवलाच पाहिजे. बाकी निवड कशावरून करायची? पहिली गोष्ट, ही डबी जगणार किती. ॲम्प्लिफायर तीस-चाळीस वर्षं जगतो, कारण त्याला जगायला वीज सोडून कुणाचीच परवानगी लागत नाही. डबीचं तसं नाही. गूगलनं 2015 मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ नावाची एक चकती काढली, 35 डॉलरची, जुन्या स्टिरिओला चिकटवायची. अगदी हेच काम, अगदी ह्याच घरांसाठी. लोकांना आवडली. जानेवारी 2019 मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. ठीक आहे, घेतलेल्या तरी चालत राहिल्या. मग मार्च 2025 मध्ये एके दिवशी जगभरच्या त्या चकत्या एकदम बसल्या. आत काही जळलं नव्हतं. चकतीच्या पोटात एक दहा वर्षांच्या मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र होतं, त्याची मुदत संपली, आणि फोननं तिला ओळख दाखवायचं नाकारलं. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला दिला नाही म्हणून धडधाकट आजोबांचं पेन्शन अडतं, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की आजोबा निदान बँकेत जाऊन भांडू शकतात. काही दिवसांनी गूगलनं दुरुस्ती पाठवली आणि चकत्या पुन्हा हयात झाल्या. पण ठणठणीत वस्तू एका तारखेमुळे मरू शकते, हे त्या निमित्तानं दिसून गेलं. स्पीकर विकणाऱ्या सोनोसची कथा वेगळ्या वळणाची. मे 2024 मध्ये त्या कंपनीनं नवं ॲप आणलं आणि त्यात गजरासारख्या साध्या सोयीच गायब होत्या. महागडे स्पीकर होते तसे होते, त्यांना सांगायचं कसं हे कळेना. पुढच्या जानेवारीत कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. गाण्याच्या सेवाही अशाच येतात-जातात. रेसो जानेवारी 2024 अखेर भारतातून गेलं, त्याच वर्षी एअरटेलनं विंक म्युझिक गुंडाळत असल्याचं सांगितलं. लोकांनी वर्षानुवर्षं निगुतीनं लावलेल्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या.

ह्याचा अर्थ असा, की ॲम्प्लिफायर आणि स्पीकर हे घरचे, आणि डबी ही पाहुणी. पाहुणीवर घर गहाण टाकू नये. पाच-सात वर्षांत बदलावी लागली तर जीव हळहळणार नाही इतक्याच किमतीची घ्यावी, आणि तिच्या पाठीला पेन ड्राइव्ह लावता येईल किंवा घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी ती वाचू शकेल एवढं पाहावं, म्हणजे इंटरनेट गेलं, कंपनी गेली, तरी निदान आपली गाणी आपल्या हातात राहतात. कुणी म्हणेल, ही तर ई-कचऱ्याची वकिली झाली. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याला उत्तर देणारं एक उदाहरणही आहे. स्लिम डिव्हाइसेस नावाच्या छोट्या कंपनीनं 2001 मध्ये घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारी डबी काढली. लॉजिटेकनं 2006 मध्ये ती कंपनी घेतली आणि 2012 मध्ये त्या जातीच्या, म्हणजे स्क्वीझबॉक्स नावाच्या, डब्या बंद केल्या. पण त्यांना गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर खुलं होतं. हौशी लोकांनी ते चालू ठेवलं. आज ते लिरियन ह्या नावानं जिवंत आहे आणि जुन्या डब्या अजून वाजतात. म्हणजे टिकाऊपणा शोधायचा तर तो पत्र्याच्या जाडीत सापडत नाही. ती डबी दुसऱ्या कुणाला चालवता येते का, ह्यात तो असतो.

इथे खुल्या सॉफ्टवेअरचे भक्त टाळ्या वाजवतात आणि रास्पबेरी पायचं नाव घेतात. चार-पाच हजारांत पत्त्यांच्या कॅटाएवढी पाटी, तिच्यावर एक डॅकचा तुकडा, फुकट सॉफ्टवेअर, कुणाची मक्तेदारी नाही. आवाजात, किमतीत, आयुष्यात, सगळीकडे ही पहिल्या नंबरानं येते. आणि तरीही मी ती बहुतेक घरांना सुचवणार नाही, कारण मूळ प्रश्नावर ती सपशेल नापास होते. ही पाटी ज्या घरात असते त्या घरात तिचा एक पुजारी असतो, आणि पुजारी ऑफिसला गेला की देव मुका. मग दुपारी फोन येतो. ‘अहो, ते गाणं कसं लावायचं? आईंना मन्ना डे हवाय.’ पुजारी मीटिंगमध्ये, कुजबुजत: ‘वायफाय आहे ना? मग ब्राउझर उघड. वर एक-नऊ-दोन डॉट एक-सहा-आठ…’ पलीकडून उत्तर येतं, ‘राहू दे, मी रेडिओ लावते.’ ह्या एका वाक्यात त्या पाटीचा, तिच्या मांडणीचा आणि तिच्यावर खर्च झालेल्या रविवारांचा निकाल लागतो.

आणि निकाल देणारी बाई चुकत नसते. विविध भारती 1957 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती लावायची पद्धत बदललेली नाही: बटण फिरवायचं. ह्याच तत्त्वावर सारेगामानं 2017 मध्ये कारवाँ काढला. पाच हजार गाणी आतच भरलेली, पुढे रेडिओसारखा चेहरा, गायकाच्या नावावर काटा फिरवायचा, किंमत सहा हजारांच्या घरात. तज्ज्ञांनी नाकं मुरडली. हातात स्मार्टफोन आणि फोनमध्ये कोट्यवधी गाणी असताना पाच हजार गाण्यांचं खोकं कोण घेईल? ते लाखांनी खपलं, मराठी गाण्यांचंही निघालं, आणि निम्म्या महाराष्ट्रात मुलांनी ते आईवडिलांना दिवाळीत भेट दिलं. त्याचा आवाज काही स्टिरिओची बरोबरी करत नाही. पण ते गॅलरीत, देवघरात, ओट्यावर रोज वाजतं, आणि शोकेसमधला स्टिरिओ वाजत नाही. न वाजणाऱ्या यंत्राची विकृती शून्य असते, हे मान्य. तेवढ्यासाठी त्याला पहिला नंबर देता येत नाही. बोलून चालवायची यंत्रं ह्याला उतारा ठरतील असं वाटलं होतं. अलेक्साशी हिंदीत बोलायची सोय 2019 मध्ये झाली, तेव्हापासून मराठी घरांतल्या आज्या तिच्याशी भाजीवाल्याशी बोलतात त्या हिंदीत बोलतात, आणि अभंग मागितला की तिच्या मनाला येईल ते मिळतं. घासाघीस करूनही.

‘मग फोनच का नाही? वायर लावली की झालं, किंवा ब्लूटूथ.’ हा आक्षेप सगळ्यात साधा आणि म्हणून सगळ्यात बळकट आहे. आवाजाच्या बाजूनं मला त्यावर काहीच म्हणायचं नाही. साधं ब्लूटूथसुद्धा दिवाणखान्याला पुरून उरतं. अडचण अशी, की फोन हे यंत्र राहिलेलं नाही, ते त्या माणसाचं अंग झालं आहे. भैरवी रंगात आली असताना गृहनिर्माण सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा निरोप येतो आणि दोन्ही स्पीकरांतून टिंग वाजतं. कर्ज हवंय का असं विचारणारी बाई पूर्ण स्टिरिओत बोलते. मालक कचरा टाकायला खाली गेला की बंदिश जिन्यापर्यंत त्याच्याबरोबर जाते आणि दुसऱ्या मजल्यावर तुटते. आणि मुख्य म्हणजे, फोनवाला घराबाहेर पडला की घरातलं गाणंही पायात चपला घालून निघतं. वेगळी डबी घ्यायचं खरं समर्थन हे आहे. गाणं घराच्या मालकीचं राहावं, कुणा एकाच्या खिशात नसावं, एवढ्यासाठी ती घ्यायची. 

डबी घरात बसवताना आपल्या संगीताच्या दोन खोडी मात्र तपासून घ्याव्यात, कारण ह्या डब्या परक्या मुलखात, परक्या गाण्यांसाठी घडलेल्या आहेत. पहिली, सलगपणा. ख्यालाच्या सीडीवर विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे नवा क्रमांक पडतो, पण गाणं थांबलेलं नसतं. तंबोरा वाजतच असतो. काही डब्या दोन क्रमांकांच्या मध्ये श्वास घेतात. क्षणभरच, पण समेच्या आधी तंबोरा गचका खातो, आणि तो गचका 192 किलोहर्ट्झमध्येही गचकाच असतो. दुसरी खोड शोधण्याची. ह्या डब्यांना गायक, अल्बम, गाणं अशी तीन खणांची मांडणी ठाऊक असते. नाट्यपद कुठल्या खणात जायचं? नाटकाच्या, संगीतकाराच्या, मूळ गायकाच्या, की ज्यांनी पुढे ते गाजवलं त्यांच्या? राग यमन हे अल्बमचं नाव असतं, गाण्याचंही असतं आणि कधीकधी चुकून गायकाचंही असतं. अभंगवाणी इंग्रजी अक्षरांत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडते आणि प्रत्येक तऱ्हेखाली वेगळे अभंग निघतात. भीमसेन जोशींच्या नावापुढे कुठे पंडित लागलेलं असतं, कुठे नसतं, आणि डबीच्या लेखी हे दोन वेगळे गृहस्थ. ह्यावर डबी बदलून उपाय होत नाही. एका पावसाळी शनिवारी बसून फाइलींची नावं सुधारावी लागतात. रात्री जागून चिपची माहिती वाचणाऱ्याला ह्या कामाला बसवावं. चिकाटी त्याच्याकडे आहेच.

बाजारात आज विमसारख्या (भांड्यांच्या साबणाशी संबंध नाही) कंपन्यांच्या लहान डब्या मिळतात, ज्यांना रिमोट जोडता येतो आणि रिमोटच्या अंकांवर ठरावीक स्टेशनं किंवा याद्या बसवून ठेवता येतात. एक दाबलं की भक्तिगीतं, दोनला जुनी हिंदी, तीनला नाट्यसंगीत. हीच खरी परीक्षा, आणि ती दुकानातच घ्यावी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला चिपचं नाव विचारू नये. तो सांगेल आणि आपण खूश होऊ. विचारायचं असं, की फोन हातात न घेता ह्याच्यावर गाणं लावून दाखवा. तो खिशात हात घालायला लागला, तर पुढच्या दुकानात जावं. घरी आल्यावर ॲम्प्लिफायर भिंतीपासून ओढून टॉर्च लावून पाठीमागे बघावं. जळमटं पुसली की लाल-पांढऱ्या भोकांच्या जोड्या दिसतात: ऑक्स, ट्यूनर, टेप, सीडी, आणि एक फोनो. फोनो सोडून कुठल्याही जोडीत पिना खोचाव्यात. फोनो ही तबकडीच्या पिनेतून येणाऱ्या नाजूक विजेसाठीची जागा, ती आलेला आवाज कितीतरी पट वाढवते, त्यात डबीची पिन गेली तर लता मंगेशकर थेट फाटक्या कर्ण्यातून अवतरतात. मग पुढच्या बाजूला, निवडायच्या कळीच्या ज्या खुणेवर डबी वाजते तिथे, आणि रिमोटवरच्या एक आकड्यावर, नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका द्यावा. ठिपक्याला ॲप लागत नाही, त्याचं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही आणि चष्मा नसलेल्या माणसालाही तो दिसतो. बाटली कुणाची उचलली, ते तेवढं आधी विचारून घ्यावं. पंचवीसशे रुपयांची निघाली तर डबीपेक्षा ठिपका महाग पडायचा.